निवृत्तीनंतर परदेशात इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठी : परराष्ट्र मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : उतारवयात परदेशी इंग्रजी शिकवण्यास जाऊ इच्छिणारे भारतीय शिक्षक आणि त्यांच्या वाटेतील अडथळे

परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी दोन प्रकारची असते. पहिली मस्कत, दुबई, कुवेत इथल्या सीबीएसई शाळांतली. तिथे मुले भारतीय, पुस्तके भारतीय आणि परीक्षाही भारतीय. दुसऱ्या प्रकारात थाई, व्हिएतनामी, कोरियन, जपानी अशा विद्यार्थ्यांना इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवायची असते; त्यांच्या घरात, बाजारात, कचेरीत ती कुठेच नसते. पहिल्या वाटेने मराठी शिक्षक कित्येक वर्षे जात आले आहेत. दुसरी वाट त्यांच्यासाठी अरुंद आहे, आणि पन्नाशी उलटलेल्यांना ती वयामुळेच मिळत नाही असा सर्वसाधारण समज आहे. वयाचा अडसर आहे, पण तो सर्वांत मोठा नाही. मोठा अडसर पासपोर्टचा आणि कागदपत्रांचा आहे, आणि त्यातला बराचसा भाग परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो.

महाराष्ट्रातील शाळाशिक्षक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. जून २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या वेळी ज्यांच्यावर हे काम पडले ती पिढी आता निवृत्त झाली आहे किंवा होण्याच्या बेतात आहे. मोठा वर्ग, एक फळा आणि घरी इंग्रजीचा एकही शब्द कानावर न पडणारी मुले, अशा स्थितीत या शिक्षकांनी इंग्रजी शिकवले. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे काम याहून फारसे वेगळे नाही. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नव्हती, त्यामुळे अशा अनेकांसाठी अठ्ठावन्नाव्या वर्षानंतरची कमाई ही हौस राहत नाही, गरज असते. काहींच्या अंगावरच्या जबाबदाऱ्या संपलेल्या असतात, प्रकृती ठणठणीत असते आणि शिकवण्याची ओढ तशीच असते. बँकेतून, कारखान्यातून किंवा रुग्णालयातून निवृत्त होऊन प्रथमच शिकवायला निघालेलेही असतात. जगभर या व्यवसायात अशा दुसऱ्या डावातल्या माणसांची संख्या नेहमीच लक्षणीय राहिली आहे.

उशिरा येणाऱ्यांसाठी या क्षेत्राने दार फार पूर्वी उघडले. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने १९५३ मध्ये स्पेनमधील कोर्दोबा शहरात एक भाषाशाळा काढली; पुढे तिचीच इंटरनॅशनल हाऊस ही संस्था झाली. १९६२ मध्ये लंडनला त्यांनी शिक्षकांसाठी छोटा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. आज जगभर मान्य असलेले केंब्रिजचे सेल्टा प्रमाणपत्र त्याच परंपरेतून घडले. ट्रिनिटी कॉलेज लंडनचे सर्ट-टीसॉल हे त्याच तोडीचे दुसरे प्रमाणपत्र. पूर्णवेळ केल्यास हा अभ्यासक्रम चार-पाच आठवड्यांत होतो, आणि त्यात किमान सहा तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षकांच्या देखत शिकवावे लागते. कमाल वयाची अट नाही. प्रवेशासाठी इंग्रजीची पातळी मात्र युरोपीय मापपट्टीवरच्या सी-१ च्या वरच्या टोकाची किंवा सी-२ ची लागते. बाजारात १२० तासांची ऑनलाइन प्रमाणपत्रे स्वस्तात मिळतात. त्यांतील बहुतेकांत शिक्षकाचा एकही पाठ कोणी समोर बसून पाहत नाही, म्हणून चांगल्या शाळा त्यांना फारशी किंमत देत नाहीत. पंचवीस-तीस वर्षे शिकवलेल्या माणसाने अशा कागदावर पैसे घालवू नयेत.

खरे प्रशिक्षण कसे असते हे जवळून पाहण्यासारखे आहे. प्रशिक्षणार्थी पाऊण तासाचा पाठ घेतो. मागे प्रशिक्षक आणि चार-पाच सहाध्यायी वह्या उघडून बसलेले असतात. पाठाचे टाचण मिनिटामिनिटाचे असते. समजा ‘आय हॅव लॉस्ट माय की’ हे वाक्य शिकवायचे आहे. जुन्या पठडीतला शिक्षक फळ्याकडे वळून ‘पूर्ण वर्तमानकाळ’ असे लिहितो, सूत्र देतो आणि तीन उदाहरणे मराठीत समजावून सांगतो. इथे तसे चालत नाही. विद्यार्थ्यांची भाषा शिक्षकाला येत नाही आणि फळ्याची पाळीही नंतर येते. शिक्षक दारापाशी जातो, खिसे चाचपतो, चेहऱ्यावर काळजी आणतो आणि ते वाक्य म्हणतो. मग विचारतो : आता किल्ली आहे का? किल्ली कधी हरवली हे सांगितले का? ते महत्त्वाचे आहे का? उत्तरे विद्यार्थ्यांनी द्यायची. त्यानंतर त्यांनी जोड्या करून स्वतःच्या हरवलेल्या वस्तूंबद्दल बोलायचे आणि शिक्षकाने वर्गात फिरत ऐकायचे. पाठ संपल्यावर शिक्षक स्वतः किती वेळ बोलला हे प्रशिक्षक सांगतो. तो जितका जास्त, तितका पाठ कच्चा. वयस्क प्रशिक्षणार्थ्याला व्याकरण जड जात नाही. त्याला जड जाते ते वर्गात गप्प राहणे, आणि आपल्या मुलाच्या वयाच्या प्रशिक्षकाकडून रोज चुका ऐकून घेणे. हे ज्यांना जमते ते उत्तम शिक्षक होतात, कारण वर्ग सांभाळण्याची कला त्यांच्याजवळ आधीच असते.

भारतीय शिक्षकाजवळ आणखी एक गोष्ट असते. थाई, व्हिएतनामी, कोरियन, जपानी या भाषांत इंग्रजीतल्या ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. मराठीतही नाहीत. लंडनच्या तरुणाला ‘द’ कुठे लावायचा हे कळते, पण का लावायचा हे सांगता येत नाही, कारण तो ते कधी शिकलेलाच नसतो. सांगलीच्या किंवा परभणीच्या शिक्षकाने ते कष्टाने शिकलेले असते, दोनदोनदा चुकून शिकलेले असते. विद्यार्थी कुठे अडखळणार हे त्याला आधीच ठाऊक असते. हंगेरीचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पेटर मेजेश यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा सविस्तर मांडला : इंग्रजी शिकून आत्मसात केलेला शिक्षक विद्यार्थ्यापुढे शिकण्याचा नमुना म्हणून उभा राहतो आणि त्याच्या अडचणी आधी ओळखतो. उच्चारांत मात्र मराठी शिक्षकाला मेहनत घ्यावी लागते. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोहोंसाठी एकच ‘व’ वापरण्याची सवय मोडावी लागते, आणि शब्दातला आघात नेमका कुठे येतो तेही नव्याने तपासावे लागते. दोन-तीन महिन्यांच्या सरावाने हे साधते.

वयाबद्दल आदर बाळगणारे समाज ही दुसरी अनुकूल बाब. व्हिएतनाममध्ये २० नोव्हेंबर हा शिक्षकदिन घरोघर पाळला जातो. थायलंडमध्ये शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला ‘वाय ख्रू’ हा गुरुवंदनेचा सोहळा होतो. मुले गुडघ्यांवर बसून शिक्षकांना फुले देतात. आपल्याकडच्या गुरुपौर्णिमेत वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पांढऱ्या केसांचा शिक्षक तिथे वर्गात शिरतो तेव्हा त्याचे वय त्याच्या बाजूने उभे असते.

भरतीच्या टेबलावर तेच वय विरुद्ध बाजूला जाते, आणि तेही देशागणिक वेगळे. दक्षिण कोरियाच्या सरकारी शाळांसाठीच्या ‘एपिक’ योजनेत ६२ ही मर्यादा आहे, कारण तिथल्या शिक्षकांचे निवृत्तीचे वयही तेच. चीनमध्ये साठीनंतर कामाचा परवाना मिळणे अवघड. थायलंडच्या सरकारी शाळा साधारण साठपर्यंतच घेतात, खासगी शाळा आणि भाषावर्ग त्यापुढेही. व्हिएतनामच्या परवान्याला पदवी, अध्यापनाचे प्रमाणपत्र, आरोग्य तपासणी आणि पोलिसांचा दाखला लागतो. कमाल वयाची अट तिथे आडवी येत नाही. कंबोडियात नियम आणखी सैल आहेत, पगारही त्या मानाने कमी. थोडक्यात, ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या शिक्षकाला काही देशांत दोन-चार वर्षे आणि काही देशांत प्रकृती साथ देईल तितकी वर्षे काम करता येण्याजोगे आहे. त्याला आधी अडवतो तो पासपोर्ट.

कोरियात परकी भाषा शिकवण्याचा ई-२ हा व्हिसा इंग्रजीसाठी सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनमध्येही इंग्रजी ज्यांची मातृभाषा मानली जाते त्याच देशांचे पासपोर्ट मागितले जातात. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भारतीयाला बंदी नाही, पण भाषेच्या पातळीचा वेगळा पुरावा द्यावा लागतो आणि जाहिरातींत ‘नेटिव्ह स्पीकर’ला एक पगार व इतरांना त्याहून कमी असे उघड लिहिलेले असते. जपानचा नियम मराठी शिक्षकाला सर्वांत जास्त जाचतो. तिथल्या शाळांत साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून परकी भाषा शिकवायची, तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेला, पुढे इंग्रजीत एम. ए., बी. एड. झालेला आणि आयुष्यभर इंग्रजीच शिकवलेला शिक्षक या अटीवर नापास होतो. बारा वर्षे इंग्रजी माध्यमात काढलेला, पण एकही वर्ग न घेतलेला बाविशीचा पदवीधर ती पार करतो. हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच नोंदवला गेला पाहिजे.

ही गोष्ट आजची नाही. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजदरबारात १८६२ ते १८६७ या काळात इंग्रजी शिकवणाऱ्या अॅना लिओनोवेन्स यांचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. त्या पुण्यात वाढल्या आणि त्यांचे लग्नही तिथेच झाले. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत सार्जंट होते, आणि आईकडून रक्त मिश्र असावे असे चरित्रकारांचे मत आहे. पेनांगला पती वारल्यावर दोन मुलांना घेऊन त्यांनी सिंगापूरला छोटी शाळा चालवली, आणि तिथूनच राजा मोंगकुट यांच्या मुलांना शिकवण्याचे बोलावणे आले. आपला जन्म वेल्समध्ये झाला आणि वडील कॅप्टन होते असे त्या जन्मभर सांगत राहिल्या. खरे जन्मस्थान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी कागदपत्रांतून शोधून काढले. शिकवण्याची कुवत असूनही अहमदनगर हे गाव लपवावे लागले, आणि आज त्याच जिल्ह्यातल्या शिक्षकाला पासपोर्टवरचे गाव लपवता येत नाही.

मातृभाषक आणि इतर या भेदाला शास्त्राचा आधार नाही. मातृभाषकच उत्तम शिक्षक, ही समजूत रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये भ्रम म्हणून उघडी केली आणि तिचे मूळ १९६१ च्या युगांडातील मकेरेरे परिषदेपर्यंत नेऊन दाखवले. इंग्रजी शिक्षकांची जागतिक संघटना टीसॉल हिने २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली आणि भारताला दुसऱ्या वर्तुळात जागा दिली : इंग्रजी जिथे घरची नसली तरी शाळा, न्यायालये आणि कारभार यांतून रुजली, असे देश. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांशी त्या भाषेत बोलण्याचा रोजचा अनुभव या वर्तुळातल्या माणसाला सर्वांत जास्त असतो. हनोईच्या व्यापाऱ्याला उद्या इंग्रजीत बोलायचे आहे ते बहुधा सोलच्या किंवा पुण्याच्या माणसाशी.

पासपोर्टची अडचण जिथे नसते तिथे कागदांची सुरू होते, आणि वय वाढले की तीही वाढते. कागदपत्रे परदेशात ग्राह्य धरण्यासाठीच्या अॅपोस्टिल कराराचा भारत २००५ पासून सदस्य आहे. पदवीचे प्रमाणपत्र आधी राज्य शासनाकडून प्रमाणित करून घ्यायचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का; थायलंडसारखा देश असेल तर वकिलातीचीही मोहोर. १९८० च्या दशकातली पदवी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जपण्यासाठी लॅमिनेट केलेली असते, आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही. मग विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज, शुल्क आणि वाट पाहणे. स्त्रियांची अडचण याहून मोठी. पदवीवर माहेरचे नाव, सेवापुस्तकात आणि पासपोर्टवर सासरचे. त्या काळातली कितीतरी लग्ने नोंदवलेलीच नाहीत, म्हणून दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला आधी चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद करायची किंवा राजपत्रात नाव प्रसिद्ध करायचे. भरती करणारी शाळा महिनाभर थांबते, कधी दोन महिने. तेवढ्यात ही साखळी पुरी होत नाही आणि जागा दुसऱ्याला जाते.

संरक्षणाच्या बाबतीतही हा वर्ग फटीत पडतो. दहावी उत्तीर्ण किंवा पन्नाशीपुढचा नागरिक उत्प्रवासन तपासणीच्या अटीतून वगळला जातो. त्यामुळे आखातात जाणाऱ्या मजुराला प्रवासी भारतीय विमा योजनेचे जे कवच बंधनकारक आहे, ते या शिक्षकाला नाही. भरती दलालाने घ्यायचे सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावर कर इतकेच आहे, ही गोष्टही बहुतेकांना ठाऊक नसते. ‘आधी पर्यटन व्हिसावर या, परवाना इथे आल्यावर काढू’ असे सांगणारा दलाल पन्नाशीपुढच्या सरळमार्गी माणसाला नेमका गाठतो. थायलंडमधल्या बनावट नोकऱ्यांच्या आमिषाने भारतीयांना म्यानमारमधल्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याबद्दल मंत्रालयाने २०२२ पासून इशारे दिले आहेत. परवाना हाती आल्याशिवाय विमानात बसू नये, हा नियम प्रत्येक इच्छुकाने पाळावा. निवृत्तिवेतनधारकाने नोव्हेंबरातला हयातीचा दाखलाही ध्यानात ठेवावा. तो भारतीय वकिलातीतून मिळतो किंवा ‘जीवन प्रमाण’वर डिजिटल देता येतो. आरोग्यविम्याच्या भारतीय पॉलिसीत बहुधा परदेशातला खर्च धरलेला नसतो, आणि साठीच्या माणसाला वेगळ्या विम्याचा हप्ता बराच पडतो. पगाराचा हिशेब करताना तो आधी वजा करावा.

इतर देशांनी उतारवयातल्या माणसांना परदेशी पाठवण्याची व्यवस्था फार आधी उभी केली. अमेरिकेच्या पीस कोअरला कमाल वयाची अट नाही. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, ६८ वर्षांच्या असताना, त्या संस्थेतून परिचारिका म्हणून मुंबईला आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी काम केले. जपानची जायका ही संस्था ६९ वर्षे वयापर्यंतच्या नागरिकांना स्वयंसेवक म्हणून परदेशी धाडते. भारतालाही हे नवीन नाही. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते, केरळचे विशेषतः. भूतान आणि मालदीवच्या शाळांतही भारतीय शिक्षकांनी शिकवले. परराष्ट्र मंत्रालयाने स्वतः कंबोडिया, लाओस, म्यानमार आणि व्हिएतनाममध्ये इंग्रजी भाषा प्रशिक्षण केंद्रे काढली, आणि त्यांचे शैक्षणिक काम हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाकडे दिले. भारतीयाने शिकवलेले इंग्रजी मैत्रीची भेट म्हणून चालते, तर नोकरीतही चालले पाहिजे.

मार्गही मंत्रालयाच्या हाती आहे. दक्षिण कोरियाशी झालेला आणि १ जानेवारी २०१० पासून लागू असलेला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार ई-२ व्हिसाच्या त्या सात देशांच्या यादीला अपवाद करतो : पदवी आणि इंग्रजी अध्यापनाचा परवाना असलेल्या भारतीयाला साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून येण्याची मुभा त्यात आहे. या कलमाचा लाभ घेऊन आजवर किती शिक्षक गेले, तो आकडा मंत्रालयाने जाहीर करावा, आणि राज्यांच्या शिक्षण विभागांना ही सोय कळवावी. जपानशी कुशल मनुष्यबळाच्या वाटाघाटी चालू असतात. त्यांत बारा वर्षांच्या माध्यमाच्या अटीला पर्याय म्हणून सी-१ किंवा सी-२ पातळीचा दाखला आणि ठरावीक वर्षांचा अध्यापनाचा अनुभव सुचवावा. ई-मायग्रेट संकेतस्थळावर शिक्षकांसाठी वेगळा विभाग असावा, आणि ऐच्छिक विम्याचे कवच पन्नाशीपुढच्यांनाही खुले करावे. जुन्या पदव्या आणि बदललेली नावे यांसाठी राज्य शासन, विद्यापीठे आणि मंत्रालय यांनी मिळून मुंबईत एकच खिडकी उघडावी. मे महिन्यात निवृत्त होणाऱ्या शिक्षकाचे कागद ऑगस्टच्या आत तयार व्हावेत, इतक्या मुदतीत ते काम बसवावे, ही विनंती.